तीसपैकी 28
दादाच्या डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं, टाके निघाले, महिनाभरात तो चालायला लागला. तिथवर कशाचीच तक्रार नाही. गाडं अडलं ते नंतर, ओपीडीतल्या एका कागदावर.

तारीख-वार सांगा, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करा. दादाने 30 पैकी 28 मिळवले. शेरा पडला, 'नॉर्मल'. मी डॉक्टरांना सांगत होते, की आई त्याच्यासमोर रडत होती आणि हा विचारत होता, "रिमोट कुठाय?" आईचा चेहरा जरा उतरला तरी हातातलं काम टाकून येणारा माझा दादा! उत्तर मिळालं, "अशाने स्वभाव थोडा बदलतो, वेळ द्या." पुढची तारीख दोन महिन्यांनी. पुन्हा तीच चाचणी, तोच शेरा, पुन्हा दोन महिने. तेवढ्या काळात वहिनीने मनाशी धरलं, की याचा आपल्यावरचा जीवच उडाला. त्या चार महिन्यांचा राग अजून जात नाही. ती चाचणी स्मरण, लक्ष, भाषा बघते. समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का, हे बघतच नाही. डीएसएम-5 ने, म्हणजे मानसिक विकारांचं निदान ज्यावरून करतात त्या अमेरिकन पुस्तकाने, 2013 मध्येच या क्षमतेला स्मरणशक्तीच्या रांगेत बसवलंय. म्हणून 'नॉर्मल' ऐकून घरी येऊ नका, न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (मेंदूतल्या बिघाडाचा विचारांवर, वागण्यावर काय परिणाम झाला ते तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवा म्हणून अडून बसा.

आम्ही बसलो. तिथे चेहऱ्यांचे फोटो दाखवले: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. आनंद त्याने झटकन ओळखला. भीतीला आश्चर्य म्हणाला, रागावलेल्या माणसाला "विचार करतोय". वहिनी कितीतरी वेळ तो कागद धरून होती. "म्हणजे त्याला दिसतच नव्हतं," एवढंच बोलली.

हो, घरच्यांचं म्हणणं डॉक्टरांना दादाच्या माघारी सांगा. त्याला स्वतःला काही बिघडलंय असं वाटतच नाही, तो समोर असला की वाद होतो. काय घडलं ते तारखेसह लिहून न्या.

यावर गोळी नाही. दर आठवड्याला सेशन असतं: भुवया बघ, डोळे बघ, ओठ बघ, मग आरशासमोर तसाच चेहरा करून बघ. घरी आम्ही आडून बोलणं सोडलं. "मला वाईट वाटतंय, जवळ बस," असं सरळ सांगतो, आणि तो बसतो.

परवा आईकडे बघत तो थांबला. "भुवया आवळल्यास. राग आलाय की दुखतंय?"

गुडघा दुखत होता.