पोपट म्हणाला, "जेवलास काय?"

नेदरलँड्सच्या ट्रिपचे फोटो टाकल्यापासून जो तो ट्युलिप ट्युलिप करायलाय, तर आधीच सांगून टाकते, ट्युलिप आम्ही बघितले नाहीत. मे अर्धा सरल्यावर पोचलो, तोवर तिथली ट्युलिपची बाग त्या वर्षापुरती बंद झाली होती. आमच्या मुलांच्या सुट्ट्या एप्रिल-मे मध्ये आणि तिकीट स्वस्त मिळालं ते मे च्या शेवटचं, मग काय करणार. पण आम्ही एफ्टेलिंग नावाच्या परीकथांच्या पार्कला जाऊन आलो आणि मला लिहायचंय ते त्याच्याबद्दलच, खरं तर तिथल्या एका पोपटाबद्दल. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणता दिवाळी पण होऊन गेली.

ताई आणि भावजी आइंडहोवनला असतात. बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून बेंगळुरू, तिथून अ‍ॅमस्टरडॅम, पुढं ट्रेन. न्यायला काय घ्यायचं यावर घरात दोन दिवस चर्चा. बेळगावहून कुणाकडं जायचं म्हणजे कुंदा, पण कुंदा दुधाचा आणि युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी, म्हणून सासूबाईंचं तोंड उतरलं. शेवटी चटणीपूड, मेतकूट आणि आजेसासूबाईंच्या हातची कुरडई. आमच्या ह्यांचं दुःख वेगळंच होतं, तयारीच्या नादात यंदाची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक धड बघायला मिळाली नाही. बेळगावात शिवजयंती वैशाखात तिथीप्रमाणे असते आणि रात्रभर जिवंत देखावे निघतात हे बाहेरच्यांना सांगितलं की त्यांना वाटतं आम्ही वाढवून सांगतोय.

आता बारक्याबद्दल सांगते. साडेपाच वर्षांचा. घरी मराठी, गल्लीत अर्धी पोरं कन्नड, शाळेत इंग्लिश. गेलं वर्षभर शाळेत हा गप्प. म्हणजे घरी तोंड बंद होत नाही आणि वर्गात मिस विचारतात तर नुसता बघत बसतो. मीटिंगला गेले की मला ऐकवतात, घरी इंग्लिश बोला. बरं, बोलते. मी बोलले की हा माझ्या तोंडाकडं असा बघतो की मलाच लाज वाटते. मोठी नऊ वर्षांची, तिचं असलं काही नव्हतं, ती जन्मल्यापासून भाषण देते.

तर एफ्टेलिंग. काट्सहूवल नावाचं गाव आहे, आइंडहोवनहून गाडीनं तासाभराच्या आत. गेटलाच एवढं मोठं गवताचं छप्पर, टोकदार टोकदार, की मला वाटलं हे कुठल्या राक्षसाचं शेतघर. आत मोठाले रोलर कोस्टर वगैरे सगळं आहे, भावजी आणि हे तिकडं पळाले, मी, ताई आणि मुलं स्प्रोक्येसबोसमध्ये. म्हणजे परीकथांचं जंगल. नावाचा उच्चार ताईनं तीनदा शिकवला, मी तीनदा चुकले.

हे जंगल 31 मे 1952 ला उघडलं. अमेरिकेतलं डिस्नेलँड 1955 चं, म्हणजे हे त्याच्याही आधीचं, हे मोठीनं कुठल्या तरी माहितीपत्रकात वाचलं आणि दिवसभर भेटेल त्याला सांगितलं. अँटन पीक म्हणून एक चित्रकार होता, त्यानं घरं, कौलं, वाकडी धुराडी सगळं कागदावर काढलं आणि आइंडहोवनचाच पीटर रायंडर्स म्हणून एक फोटो-फिल्मवाला खटपट्या माणूस, त्यानं ते हलतं-बोलतं केलं. सुरुवातीला दहाच कथा होत्या. आता कितीतरी जास्त आहेत.

मला आवडलं ते असं की इथं रांगेत उभं राहून गाडीत बसायचं नाही. झाडांमधून पायवाट जाते, चालत जायचं, वळणावर काहीतरी समोर येतं. एका वाड्यासमोर लांगनेक म्हणून एक पुतळा बसलाय, आमच्या मोठीनं लगेच बारसं केलं, लांबमान्या. बसलाय बसलाय आणि एकदम मान वर, वर, वर, बारक्यानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. पुढं एका घराच्या खिडकीतून डोकावलं तर पलंगावर आजीची टोपी घालून लांडगा. एका चौकात लाल बूट, आत पाय नाहीत, नुसते बूट नाचायलेत. लाल-पांढऱ्या अळंब्या आहेत, त्यांना कान लावला की आत बाजा वाजतो, मी पण लावला, कोण बघायलंय. एक गाढव आहे, त्याला नाणं दिलं की ते मागच्या बाजूनं सोन्यासारखं नाणं टाकतं. मागच्या म्हणजे मागच्याच. बारका आणि एक डच पोरगं, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही, पण गाढवाच्या मागं वाकून दोघंही पोट धरून हसायलेत.

आणि तो कचरा खाणारा! होल्ले बोल्ले खाइस म्हणून एक जाडा माणूस आहे, म्हणजे कचऱ्याची पेटीच, पण तोंड आ वासलेलं. तो ओरडत असतो "पापीर हीर, पापीर हीर", कागद इकडं द्या. तोंडाजवळ कागद धरला की आतल्या हवेनं सुर्रकन ओढून घेतो आणि थँक्यू म्हणतो. पार्कात असे बरेच आहेत. बारक्यानं आधी आमच्या पिशवीतले टिश्यू संपवले, मग माहितीपत्रक (मोठी रडली), मग वाटेवर कचरा शोधायला लागला आणि मिळेना! एवढा मोठा पार्क आणि कचरा नाही, कारण आधीच्या पोरांनी सगळा भरवून टाकलाय. शेवटी ताईच्या पर्समधलं बिल गेलं. कागद टाका म्हणून पाटी लावण्यापेक्षा हे बरं, पण हे आपल्याकडं करायचं म्हणजे त्या तोंडात पहिल्याच दिवशी काय काय जाईल ते माझ्या डोळ्यापुढं आलं आणि मी विषय सोडून दिला.

मधे खायला थांबलो. पॉफर्त्येस. काय ते बघितलं तर आपले पड्डू, म्हणजे अप्पे! तेच खळग्यांचं भांडं, तेच उलटायचं. फक्त वर लोणी आणि पिठीसाखर. बारका म्हणतो चटणी कुठाय.

आता पोपट. खरं सांगायचं तर आम्ही तो ओलांडूनच गेलो होतो, लांबमान्यापुढं तो काहीच नाही, छोटासा बसलाय, हलत पण फार नाही. करामत एवढीच की आपण बोललो की तो तेच परत बोलतो. ताई म्हणाली, अगं थांब, याला बोलू दे की. मी म्हटलं हा कुठला बोलतोय. पुढं एक डच मुलगी काहीतरी ओरडली, पोपट तेच ओरडला, सगळे हसले. बारका माझ्या ओढणीमागं. नंबर आला. गप्प. मी म्हटलं हॅलो म्हण. गप्प. मागं लोकं.

मग त्यानं हळूच, अगदी आमच्या मागच्या दारी मांजराशी बोलतो तसं, विचारलं, "जेवलास काय?"

एक क्षण काही नाही.

मग पोपट म्हणाला, "जेवलास काय?"

बारक्यानं माझ्याकडं बघितलं. ते तोंड मी विसरणार नाही. मग परत पोपटाकडं वळून एकदम खुशीत, "होय, पड्डू खाल्ले." पोपट, "होय, पड्डू खाल्ले." "चटणी नव्हती." "चटणी नव्हती." अरे! हा प्रश्न विचारायलाय आणि तोच प्रश्न त्याला परत विचारला जायलाय, मग हा उत्तर द्यायलाय, पोपटाचं पण उत्तर येतंय, दोघंही पड्डू खाऊन आलेत, दोघांनाही चटणी मिळालेली नाही. मग ह्यानं गल्लीतलं कन्नड काढलं, "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का हो. पोपट तेही बोलला, "न्री" सकट. ताई खाली बसली हसून हसून.

मागची रांग वाढत चालली. एक म्हातारे डच आजोबा नातीला घेऊन उभे होते, त्यांना मी हातानंच सॉरी सॉरी केलं, ते मान हलवून असू दे असू दे म्हणत होते, पण मला आपल्या सवयीप्रमाणे लाज, म्हणून मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "आता चल की, का देऊ एक फटका?" आणि वरून पोपटानं, सगळ्या परीकथांच्या जंगलाला ऐकू जाईल असं, "आता चल की, का देऊ एक फटका?" माझाच सूर. तोच आवाज, तेच दात-ओठ. मोठी म्हणाली, आई, तू अशीच बोलतेस. मी त्या पोपटाला मनात काय म्हटलं ते बरं झालं मोठ्यानं नाही म्हटलं.

त्यानंतर तीनदा परत गेलो पोपटाकडं. ड्रॅगन आहे तिथं, खजिन्याला हात लावला की जागा होऊन धूर सोडतो, तिथं मोठी रमली. गोष्टी सांगणारं एक बोलकं झाड आहे, भलं मोठं तोंड, डोळे फिरवतं, तिथं डच मुलं मांडी घालून ऐकत होती, पण सगळं डचमधे, बारका दोन मिनिटं बसला आणि उठला. झाड बोलत होतं, ह्याचं ऐकत नव्हतं ना.

रात्री जेवताना भावजी म्हणाले, हे काहीच नाही, फ्लोरिडात डिस्नेच्या एपकॉट पार्कात बघायला पाहिजे. ते ऑफिसच्या कामानं गेले होते तेव्हा बघून आलेत. तिथं मुलं पडद्यासमोर जमिनीवर बसतात आणि पडद्यातलं समुद्री कासव त्यांच्याशी खरंखुरं बोलतं, तू निळा शर्ट घातलेला, तुझं नाव काय असं विचारतं, उत्तर ऐकून त्यावर जोक करतं. 2004 पासून आहे म्हणे. आत लपून एक कलाकार बोलत असतो आणि त्याच्याबरोबर कासवाचं चित्र त्याच क्षणी हलतं. तिथंच दुसऱ्या पार्कात राजकन्येच्या गोष्टीत मुलांनाच घोडा, चहाची किटली, शिपाई अशी कामं वाटून गोष्ट करून घेतात, भिंतीवरचा आरसा मोठा होत होत दार होतो आणि त्यातून आत जायचं. ऐकायला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की त्या कासवानं आमच्या बारक्याला इंग्लिशमधे नाव विचारलं असतं आणि हा मिससमोर बसतो तसा बसला असता. सत्तर वर्षांच्या जंगलातला पोपट भाषा विचारत नाही, त्याला मुळात कुठलीच येत नाही.

आणि वाटून कामं द्यायची म्हटलं तर आमच्याकडं पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा असतो की. दोन वर्षांमागं बारका ह्यांच्या खांद्यावर होता, ट्रॉली आमच्यासमोर अडकली, कडेला एक मावळा झालेला पोरगा भाला धरून न हलता उभा, घामानं मिशी निम्मी सुटलेली. बारक्यानं हात लांब करून त्याला खिशातली पेपरमिंटची गोळी दिली. मावळ्यानं मान न हलवता नुसतं तोंड उघडलं. ह्यानं गोळी तोंडात टाकली. पुढं दोन महिने घरी "माझा मावळा" चालू होतं.

परत आलो. सांब्र्याच्या एअरपोर्टवर बारका कचऱ्याच्या डब्यासमोर बिस्किटाचा कागद धरून उभा, थँक्यूची वाट बघत. मी त्याला ओढत नेलं. जूनमधे शाळा सुरू, मिसचं म्हणणं तेच, फक्त आता जरा बोलतो, शेजारच्या पोराशी, कन्नडमधे. त्याबद्दल पण तक्रार.

दिवाळीत किल्ला. बेळगावात दिवाळी म्हणजे गल्लोगल्ली किल्ले, लाल माती, पोती, अळीव पेरलेलं, चित्रं मांडलेली, आमच्या गल्लीतल्या दादा लोकांनी यंदा प्रतापगड केला होता. बारक्याचा एकच हट्ट, किल्ल्यात पोपट पाहिजे. प्रतापगडावर पोपट कुठला, दादा लोकं ऐकेनात, मग त्यांच्यातल्याच एकानं जुना फोन आणला, बोललेलं परत बोलणारं अ‍ॅप टाकलं आणि महादरवाज्याच्या आत मातीखाली प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवला, ब्लूटूथचा स्पीकर बुरुजात. तीनच दिवस चालला, कारण चार्जिंगला रोज बुरुज फोडायला लागायचा, आणि कुणी बाईक नेली की किल्ला पण बाईकसारखा आवाज काढायचा. पण समोरच्या आजी संध्याकाळी येऊन "कोण रे आत?" म्हणाल्या आणि आतून "कोण रे आत?" आल्यावर त्यांनी चपला हातात घेऊन जी पळ काढली, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे कुणाला खरं वाटलं नसतं.

पाडव्याच्या सकाळी भाजीवाली मावशी आली. ती कन्नडच बोलते, पैशांपुरतं मराठी. बारका दारात दात घासत उभा. तिनं बुट्टी खाली ठेवली, किल्ल्याकडं वाकून विचारलं, "यारदीरी वळग?" किल्ला म्हणाला, "यारदीरी वळग?" तिला वाटलं आत खरंच कोण तरी आहे आणि तिलाच कोण म्हणून विचारतंय. पदर सारखा करून ती अदबीनं म्हणाली, "नान्री, काइपल्ले तंदेन्री." किल्ल्यानंही तसंच, अदबीनं, मीच आहे हो, भाजी आणलीय.

बारका फेस भरल्या तोंडानं आत पळत आला, "आई, किल्ल्यात मेथी आलीय, पैसे दे!"