तुम्ही विचारलंत म्हणून : साथीच्या काळात शस्त्रक्रिया पुढे का ढकलल्या?

करोनाच्या साथीत स्त्रियांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया तुम्ही पुढे का ढकलल्यात, असे मला आजही नातेवाईक विचारतात, विद्यार्थी विचारतात, आणि बहुतेकांच्या स्वरात ‘तुम्ही घाबरलात’ हे उत्तर आधीच ठरलेले असते. म्हणून एकदा नीट लिहिते.

सरसकट काहीच पुढे ढकललेले नव्हते. अंडाशयाचा कर्करोग पोटात पसरलेला असेल, तर आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया हा क्रम साथीच्या कितीतरी आधीपासून रूढ होता. २०१० आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्यामुळे रुग्णांचे आयुष्य घटल्याचे दिसले नव्हते. केमोथेरपीच्या तीन चक्रांनंतरची शस्त्रक्रिया आम्ही काही जणींच्या बाबतीत सहा चक्रांपर्यंत लांबवली, कारण इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लागणारी अतिदक्षता विभागातली खाट मिळेल याची खात्री उरली नव्हती. मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या सुमारास करोना झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले होते. हा आकडा समोर असताना शस्त्रक्रियेची तारीख देणे काय असते, हे विचारणाऱ्यांनी क्षणभर मनात आणावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रेडिएशन मात्र आम्ही थांबवले नाही. बाहेरून आणि आतून द्यायचे रेडिएशन मिळून सुमारे आठ आठवड्यांत पुरे झाले नाही, तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता कमी होते. या निर्णयांबद्दल मला आजही खंत नाही.

खंत आहे ती एका फोनची, ज्याबद्दल मला कोणी विचारत नाही.

बाह्यरुग्ण विभाग जवळजवळ बंद होता आणि आम्ही फोनवर तपासत होतो. तपासत होतो हा शब्दही तिथे चुकीचाच आहे. साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या एका बाईंचा फोन त्यांच्या मुलाने स्पीकरवर लावून धरला होता. त्या म्हणाल्या, “अंगावरून जातंय जरा.” लाल की पांढरे, असे मी विचारले. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत. मागे भांड्यांचा आणि लहान मुलांचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, “पांढरंच म्हणायचं.” मी केसपेपरवर ‘पांढरे जाणे, सहा आठवड्यांनी फोन’ असे लिहिले आणि पुढचा नंबर लावला. सहा आठवड्यांनी माझ्या जागी दुसऱ्या डॉक्टरांनी फोन केला, तेव्हा तो कोणी उचलला नाही. पाच महिन्यांनी त्या स्वतः आल्या, तेव्हा गर्भाशयमुखाची गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचली होती आणि एका मूत्रपिंडाला सूज आली होती. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्गातून गर्भाशयमुख पाहण्याचे साधन, लावून पाहायला पाच मिनिटे लागतात.

तेव्हाच्या मला विचारले तर ती म्हणेल की रुग्णालय हेच संसर्गाचे ठिकाण होते, या बाईंचे वय आणि मधुमेह पाहता त्यांना बोलावणे धोक्याचे होते, आणि पांढरे जाते एवढ्यावरून त्या दिवसांत कोणीच बोलावले नसते. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण त्या गप्प बसल्या होत्या हे मी ऐकले होते, आणि मुलाला फोन आईच्या हातात देऊन खोलीबाहेर जायला सांगणे मला सुचले नाही, की रांगेतल्या पुढच्या नंबरांमुळे मी ते टाळले, हे मला अजूनही प्रामाणिकपणे सांगता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सात कर्करोगांवरच्या एकत्रित अभ्यासात उपचार चार आठवडे लांबले तरी मृत्यूचा धोका वाढतो असे दिसले. त्या सातांत गर्भाशयमुखाचा कर्करोगही होता. तो अभ्यास आधी हाती असता तर मी वेगळी वागले असते, असे मी काही काळ म्हणत असे. आता म्हणत नाही. आकड्याने मला काय विचारायला शिकवले असते?

त्यांचे रेडिएशन पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी मुलाने मला बाजूला घेऊन विचारले, “डॉक्टर, तेव्हाच बोलावलं असतं तर?” सांगता येत नाही, असे मी म्हणाले, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते खरेच होते. फोन त्यानेच धरला होता, हे मी त्याच्यापाशी कधी काढले नाही.