२८ दिवस झाले म्हणजे कोबा वाळला असं नाही

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, वेल्डिंगचा कोपरा आणि माल उतरवायची जागा, एवढाच पसारा. जुना कोबा पार भुसभुशीत झाला होता. झाडू मारला की सिमेंटची धूळ उडायची आणि लेथच्या बेडवर जाऊन बसायची. बेडवर तेल असतंच, त्यात ही धूळ मिसळली की पॉलिश पेपर घासल्यासारखंच. म्हणून नवा कोबा घालायचा आणि तो सील करायचा, हे पक्कं होतं. कशाने करायचा, यावर मात्र बराच खल झाला.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, एपॉक्सी (रेझिनचा, रंगासारखा वर बसणारा थर) मारून टाका. दिसायला झकास, पुसायला सोपी. पण आमच्याकडे वेल्डिंगच्या ठिणग्या पडतात, लोखंडी बार ओढत नेतात. ठिणगी पडेल तिथे एपॉक्सीला काळा डाग पडतो, एका जागी पापुद्रा सुटला की तो पसरत जातो. तरी सुरुवातीला मन तिकडेच झुकलेलं होतं.

सीलिंगची निम्मी लढाई काँक्रीटचा माल ओतायच्या दिवशीच जिंकली किंवा हरली जाते. खाली मुरूम, सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (सळईशिवायचं साधं काँक्रीट), त्यावर २५० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, जोड एकमेकांवर नीट चढवून टेप मारलेले. जमिनीतली ओल पावसाळ्यात वर चढते, ती या कागदाने अडते. वर एम २५ ग्रेडच्या काँक्रीटचा सहा इंची थर. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी आली आणि चुटीतून पहिला माल पडताच मिस्त्री म्हणाले, "साहेब, माल लई घट्ट हाय. ड्रममध्ये थोडं पाणी सोडायला सांगू काय?" मी म्हटलं, "नको मिस्त्री, व्हायब्रेटर जरा जास्त फिरवा, पण पाणी नको." जादा पाणी नंतर वर येतं, येताना बारीक सिमेंट आणि कच घेऊन येतं, आणि वरचा पातळ थर कच्चा राहतो. पुढे तीच धूळ. दुसरी सवय म्हणजे फिनिशिंगच्या वेळी कोरडं सिमेंट भुरभुरणं. त्याने पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण तो पापुद्रा खालच्या मालाशी एकजीव होत नाही. तेही करू दिलं नाही. मिस्त्री थोडे नाराज झाले, पण पॉवर ट्रॉवेलने त्यांनी काढलेलं फिनिश पाहण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी कटरने ग्रूव्ह मारले. खोली थराच्या पाव भागाएवढी, अंतर चार मीटरच्या आत. तडा जायचाच असेल तर त्या रेषेत जावा, एवढंच त्यामागचं गणित.

मग क्युरिंग, म्हणजे कोबा पक्का होईपर्यंत ओला ठेवणं. पाण्याच्या कटकटीपेक्षा ओल आत धरून ठेवणारं क्युरिंग कंपाउंड फवारून मोकळे व्हा, असाही सल्ला मिळाला. काम वाचतं हे खरं. पण त्यातल्या मेणासारख्या प्रकारांचा थर वर बसतो आणि नंतर कुठलंही सीलर आत जाऊ देत नाही. मग तो घासून काढत बसायचं. आम्ही सिमेंटचे वाफे घालून पाणीच भरून ठेवलं. कडेला जिथे पाणी टिकेना तिथे ओली गोणपाटं. सिमेंट पीपीसी (फ्लाय ॲश मिसळलेलं) असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान दहा दिवस, कडक उन्हाळ्यात चौदा. आम्ही चौदाच धरले.

मग एपॉक्सीवाला आला. "२८ दिवस झाले की मारून देतो." गोंधळ आहे तो इथेच. २८ दिवस ही काँक्रीटच्या ताकदीची मोजणी आहे, वाळण्याची नव्हे. ढोबळ हिशेब असा, की क्युरिंग थांबल्यावर एक इंच जाडी वाळायला साधारण महिना लागतो. आमचा थर सहा इंचांचा. शिवाय खाली प्लास्टिक, म्हणजे आतलं पाणी बाहेर पडायला वाट फक्त वरून.

खात्री करायला प्लास्टिकची चाचणी घेतली. पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट चौरस तुकडा, चारी कडा टेपने हवाबंद, आणि किमान १६ तास तसाच ठेवायचा. शेडच्या मधोमध, दाराजवळ आणि भिंतीकडेला असे तुकडे चिकटवले. सकाळी टेप सोडला तर आतून बारीक थेंब जमलेले आणि खालचा कोबा आजूबाजूपेक्षा गडद. वरून हात फिरवला तर खडखडीत कोरडा! यावर एपॉक्सी मारली असती तर ही वाफ तिला खालून ढकलत राहिली असती आणि फुगे आले असते. पुढे वळीव, मागोमाग पावसाळा. थांबायला वेळ नव्हता, मशिनं बाहेर ताडपत्रीखाली पडलेली.

म्हणून डेन्सिफायर (कोब्यात मुरून तो घट्ट करणारं द्रावण) घेतला, लिथियम सिलिकेटचा. हा वर थर धरत नाही. सिमेंट जमताना जो मोकळा चुना तयार होतो त्याच्याशी आत जाऊन संयोग पावतो आणि ज्या जेलमुळे सिमेंटला ताकद येते तेच जेल छिद्रांत तयार होतं. वाफेची वाट बंद होत नाही, ठिणगीने जळायलाही वर काही नसतं.

ट्रॉवेलने कोबा इतका घट्ट झाला होता की पाण्याचे थेंब वर तसेच उभे राहत. म्हणून आधी डायमंडचं हलकं ग्राइंडिंग केलं, व्हॅक्यूम मारला, धुतला, वाळू दिला. मग थेंब काही मिनिटांत आत मुरू लागले. फवारताना ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना खालून कागद लावले, कारण सिलिकेटचे शिंतोडे काचेवर आणि ॲल्युमिनियमवर कायमचे डाग पाडतात. पंपाने फवारत मागे सरकायचं, दुसऱ्याने मऊ ब्रशने पसरत यायचं. वीसेक मिनिटं पृष्ठभाग ओला दिसला पाहिजे. जिथे चटकन पिऊन टाकेल तिथे पुन्हा मारायचं, आणि जिथे साचेल तिथलं ओढून घ्यायचं. साचलेलं तसंच वाळलं तर पांढरट काचेसारखा थर धरतो आणि मग निघता निघत नाही. उन्हाची तिरीप येत होती तेवढ्या पट्ट्यात फार धावपळ झाली.

आता झाडू मारला तर धूळ जवळजवळ नाही. पण एक गोष्ट विक्रेते हळू आवाजात सांगतात: डेन्सिफायर तेल अडवत नाही. कटिंग ऑईल सांडून रात्रभर राहिलं तर डाग पडतोच. म्हणून दोन्ही लेथखाली पत्र्याचे ट्रे करून घेतले आणि भुशाचं पोतं कायम जवळ असतं. फरशी धुवायला ॲसिड अजिबात नाही, साधा साबण.

मोजमापाच्या टेबलाखाली मात्र एपॉक्सीच हवी आहे, तिथे ठिणगी येत नाही. पावसाळा संपल्यावर प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावून बघायचा, मग ठरवायचं. ग्रूव्हही तोवर मोकळेच ठेवलेत. कोबा अजून आकसतोय, लवकर भरले तर फिलर एका कडेने सुटतो. त्यात अडकणारा लोखंडाचा कीस शनिवारी व्हॅक्यूमने ओढून घेतो, नाहीतर तिथेच गंज धरायला लागतो.