सांतियागो अतित्लान : दहा दिवस, सहा चुली

चर्चच्या मिशन ट्रिपवर, म्हणजे सेवाकार्याच्या दौऱ्यावर, आमचा चौदा जणांचा गट ग्वातेमालातल्या सांतियागो अतित्लान या सरोवराकाठच्या गावी सहा घरांत चुली बांधायला गेला. ग्वातेमाला सिटीचा ला औरोरा विमानतळ सोडला की पॅन-अमेरिकन हमरस्ता चिमाल्तेनांगोत तुंबतो. बोट जिथून सुटते त्या पानाहाचेलपर्यंत चार तास धरूनच निघावं. सोलोलानंतरचे शेवटचे आठ किलोमीटर नुसता उतार. खाली सुमारे १,५६० मीटर उंचीवर अतित्लान सरोवर आणि पलीकडच्या काठावर तीन ज्वालामुखी. ते बघत रेंगाळता येत नाही, कारण दुपारी शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि लाँच लाटांवर दणादण आपटत जाते. चौदा माणसं आणि त्यांचं सामान घेऊन सांतियागोला जायचं, तर सकाळचीच बोट गाठायची.

सामान म्हणजे हातमोजे, डोळ्यांचे चष्मे, पत्रा कापायच्या कात्र्या, ओळंबे आणि दोन लेव्हल, एवढंच. सिमेंट, ब्लॉक, लोखंडी तवा, धुराड्याचे पाइप हे सगळं ग्वातेमालात मिळतं आणि तिथलंच घ्यावं. उद्या पाइप गंजला तर त्याच मापाचा पाइप घरच्यांना जवळच्या दुकानात मिळाला पाहिजे. बाहेरून आणलेली देखणी चूल एका सुट्या भागापायी कायमची थंड पडते.

चर्चच्या मिशन ट्रिपमध्ये बांधकाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शाळेची भिंत येते. चूल बरी, कारण ती पाच दिवसांत मावते आणि तिची गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही. इथल्या बऱ्याच घरांत अजून जमिनीवर तीन दगड मांडून स्वयंपाक होतो. धुराला वाट नसते, छपराच्या पत्र्याला काजळीचा थर चढलेला असतो.

सुधारित चुलीचा इतिहास याच देशात बराच घडला आहे. १९७६च्या भूकंपानंतर इथे 'लोरेना' चूल पुढे आली. नाव 'लोदो' म्हणजे चिखल आणि 'आरेना' म्हणजे वाळू यांवरून पडलं. बांधायला स्वस्त, पण जाड मातीचा गोळा निम्मी उष्णता स्वतःच पिऊन टाकी आणि वर भेगा पडत. आता चालते ती 'प्लांचा': ब्लॉकचा ओटा, भाजक्या विटांची भट्टी, वर वैलांचा लोखंडी तवा, मागे धुराडं. प्रत्येक वैलावर एकात एक बसणाऱ्या कड्या असतात. जेवढं भांडं तेवढ्या कड्या काढायच्या.

एका चुलीला आमच्या मापाने (१२० × ८० सेंमी) तीन थर, म्हणजे २६ ब्लॉक लागतात. ब्लॉक दहा-बारा किलोचा, म्हणजे जवळजवळ ३०० किलो माल पायऱ्यापायऱ्यांनी डोंगरावर चढवायचा. स्थानिक माणसं कपाळाला मेकापाल नावाचा पट्टा लावून पाठीवर ओझं नेतात. पाहुण्यांनी तो प्रयोग करू नये, मान धरते. दोघांनी मिळून एक ब्लॉक असं सावकाश नेलं तरी काम होतं. खरं तर गटाचं मुख्य काम हेच आहे. स्वयंपाकघरात गवंड्यासह तीन माणसं मावतात, चौथं पायात येतं. बाकीच्यांनी वाळू चाळायची, माल कालवायचा, बादल्या पोचवायच्या.

ओट्याची उंची गवंड्याला विचारून ठरवू नका, चुलीपुढे उभी राहणार त्या बाईला विचारा. माया या इथल्या मूळनिवासी समाजातल्या बऱ्याच स्त्रिया दीड मीटरहून कमी उंचीच्या आहेत. कोपराच्या दहा सेंमी खाली तवा आला पाहिजे, म्हणजे साधारण ७५ ते ८०. आपल्या खांद्याच्या अंदाजाने बांधलेल्या ओट्यावर टॉर्टिया उलटताना तिचा हात भाजतो, आणि मग ती पुन्हा तीन दगडांकडे वळते.

ओट्याच्या पोटात दगडमाती घालून धुमसायची, साधारण १२-१४ बादल्या. वरचे दहा सेंमी मात्र प्युमिसचे, कारण हा हलका ज्वालामुखी दगड उष्णता खाली जाऊ देत नाही आणि इथे तो मुबलक आहे. ब्लॉकसाठी सिमेंट चालतं, पण भट्टीच्या विटांना चिकणमाती आणि बारीक वाळूचाच लेप हवा, आगीपुढे सिमेंट तडकतं. भट्टीच्या मागे तव्याखालची पोकळी एकदम उथळ करायची, तीन-चार सेंमीच ठेवायची. खोल राहिली तर जाळ तव्याला न चाटता सरळ धुराड्यात निघून जातो, आणि घरचे म्हणतात, लाकूड खूप खाते ही.

सगळ्यात जास्त चुकतं ते तवा बसवताना. ९० सेंमीचं लोखंड ४०० अंश तापलं की सुमारे चार मिमी लांबतं. कडा सिमेंटने पक्क्या केल्या तर तवा फुगतो किंवा कडेची वीट फोडतो. चहूकडून पाच मिमी फट ठेवून ती राख कालवलेल्या मातीने भरायची.

पाइप चार इंची, एकेक तीन फुटांचा. वरच्या पाइपचं तोंड खालच्याच्या आत गेलं पाहिजे. बरेच जण पावसाच्या धास्तीने उलटं करतात, मग ओल्या लाकडाचं डांबर सांध्यांतून भिंतीवर ओघळतं. पाऊस अडवायला टोपी आणि छपराशी पत्र्याची झालर असते. झालरीची वरची कड छपराच्या पत्र्याखाली सरकवायची, वरून ठेवली तर पहिल्याच पावसात चूल भिजते.

सांतियागोच्या जुन्या चर्चमध्ये फादर स्टॅन्ली रोथर यांचं हृदय जपून ठेवलं आहे. ओक्लाहोमाचे हे कॅथलिक धर्मगुरू १९६८ साली इथे आले, इथली त्सुतुहिल ही माया भाषा शिकले, बायबलच्या नव्या कराराच्या त्सुतुहिल भाषांतराला त्यांनी हातभार लावला. २८ जुलै १९८१ रोजी त्यांची हत्या झाली, २०१७ मध्ये त्यांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. तेरा वर्षं राहिलेल्या माणसाच्या गावात दहा दिवसांसाठी आलेल्या गटाने आवाज जरा खालचाच ठेवावा. रविवारच्या उपासनेत बोलायला सांगितलं तर दहा मिनिटांचा मजकूर न्यावा. स्पॅनिश आणि मग त्सुतुहिल असा दुहेरी अनुवाद होऊन त्याचा अर्धा तास होतो. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. या देशात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा फार लवकर पेटतात, आणि २००० साली तोदोस सांतोस गावात त्यातूनच एक जपानी पर्यटक मारला गेला.

चौदा तिकिटांच्या पैशांत आणखी किती चुली झाल्या असत्या, हा हिशेब प्रवासाला निघण्याआधी प्रत्येक गटाने कागदावर मांडावा. आम्ही मांडला. उत्तर सोयीचं नव्हतं. म्हणून गवंड्यांची मजुरी आणि वर्षभराच्या दुरुस्तीचा खर्च निधीत आधी धरला, मग तिकिटं काढली.

दुरुस्ती हीच खरी मेख. सान मार्कोस भागात २००२ ते २००४ मध्ये ५३४ घरांवर मोठा अभ्यास झाला. प्लांचाने बाळांच्या अंगावर येणारा कार्बन मोनॉक्साइड निम्मा झाला, तरी डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियातली घट निर्विवाद ठरली नाही, गंभीर न्यूमोनियातली घट मात्र ठळक होती. धूर नुसता कमी करून भागत नाही, फार कमी करावा लागतो. काजळीने अर्धं बुजलेलं धुराडं धूर घरातच परतवतं.

आणि गटाला न आवडणारी गोष्ट: सहापैकी एकही चूल आमच्यासमोर पेटली नाही. सोमवार-मंगळवारी तीन, बुधवार-गुरुवारी तीन बांधल्या, शुक्रवार किरकोळ कामाला. माती निदान सात दिवस वाळायला हवी. निघण्यापूर्वी धूर निघतानाचा फोटो हवा म्हणून घाईने जाळ केला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि सांधे फुटतात. पुढच्या आठवड्यात गवंडी घरोघरी जाऊन पेटवतो: पहिले तीन दिवस मूठभर काटक्या, अर्धा तास, बस. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचं मोठं पातेलं तव्यावर बसत नाही, ते अंगणातल्या तीन दगडांवरच राहतं. ते दगड फेकायला लावू नयेत. गवंड्याकडे दोरीला बांधलेला तारेचा ब्रश आणि सहा घरांची यादी ठेवली आहे, दर महिन्याला टोपी काढून पाइप घासायचा आणि यादीवर खूण करायची.