नाच त्यांचा, बिल नवरीच्या बापाचं

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावातलं हे लग्न. मे महिना, मुहूर्त सकाळी ११ वाजून ५० मिनिटांचा. बिछायत, म्हणजे मांडव-खुर्च्यांची सोय, आणि स्वयंपाक, दोन्ही कामं आमच्याकडे. नवरीच्या वडलांची पाच एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. कापूस विकून हातात ३ लाख ८५ हजार होते. सोनं आधीच करून ठेवलेलं.

अशा घरी हिशेबाची सुरुवात मांडवापासून करायची नसते, मृगापासून करायची असते. लग्न मेमध्ये, पेरणी जूनमध्ये. बीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं, डीएपी खत, पहिलं डवरणं आणि निंदण यांचे ३५ हजार आधी बाजूला काढायला लावले. ते नाही काढले तर मांडव उतरल्यावर माणूस सावकाराच्या ओसरीवर दिसतो. उरले साडेतीन लाख.

त्यातले जेवणाला १ लाख ३० हजार, मांडव, खुर्च्या, कूलर आणि जनरेटरला ४५, बस्त्याला ५०, आंदणाला ६०, फोटोवाल्याला २०, हळदीचं जेवण आणि वऱ्हाडाचा नाश्ता धरून २०, पत्रिकांना ६, किरकोळ ५. बेरीज ३ लाख ३६ हजार. वरच्या १४ हजारांत काकांना, म्हणजे नवरीच्या वडलांना, पनीरची भाजी आणि फुलांची कमान पाहिजे होती. कमान चार हजारांत बसवली, पनीर काढायला लावलं. मेच्या उन्हात पनीर आणि खवा हे दोन पदार्थ गावच्या लग्नात आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पाकातली बुंदी दोन दिवस टिकते, खवा सकाळचा दुपारी दगा देतो. राहिलेल्या दहा हजारांपुढे मी वहीत ‘खोळंबा’ असं लिहिलं. काका हसले.

माणसांचा आकडा हा दुसरा वादाचा विषय. काका म्हणत होते सातशे. माणसं डोक्यात मोजली की नेहमी कमीच भरतात, म्हणून घरं मोजायची. गावात २१० घरं. त्यातल्या भावकीच्या ४० घरांना चूलबंद आवतन, म्हणजे अख्ख्या घराला जेवण, घरटी पाच धरून २००. बाकी १७० घरांतून सरासरी दीड, म्हणजे २५५. बाहेरगावचे सोयरे २५०. नवरदेवाकडच्यांनी २५० सांगितले होते. त्या आकड्यात आम्ही नेहमी तीस टक्के मिळवतो, म्हणजे ३२५. एकूण १०३०. सामान हजाराचं भरलं.

हजार माणसांना तांदूळ ८० किलो, तुरीची डाळ ३०, पुऱ्यांची कणीक ८५. भाजीला वांगे ६० किलो आणि आलू ५०. बुंदीला बेसन २५, साखर ४५. तेलाचे पंधरा किलोचे पाच डबे, मठ्ठ्याला दही ५० किलो. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे ७० जार, वापरायला टँकर वेगळा. किराणा घेतानाच दुकानदाराशी बोलून ठेवायचं की फोडलं नाही ते परत. डबा सीलबंद आणि पोत्याची शिलाई शाबूत असेल तर गावाकडचे बहुतेक दुकानदार घेतात. तांदूळ मात्र मोजका नको, तिथे कंजुषी अंगलट येते.

आता त्या दिवसाचं. वऱ्हाडाचा जानोसा, म्हणजे उतरायची सोय, जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. नाश्ता वेळेत झाला. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला तेव्हा साडेदहा झाले होते. देऊळ ते मांडव सहाशे मीटर. साडेअकराला जाऊन पाहिलं तर डीजेची गाडी देवळासमोरच उभी, आणि एक गाणं संपलं की पोरं ड्रायव्हरला हात करून थांबवत होती. गाडी एका गाण्याला दहा-पंधरा पावलं सरकत असेल तर नवरदेव दोनच्या आत येत नाही. हा अंदाज स्वयंपाकाच्या माणसाला लावता आलाच पाहिजे, कारण भात कधी टाकायचा ते त्यावर ठरतं.

मुहूर्त धरून सगळा भात एकदम शिजवणं ही सगळ्यात मोठी घोडचूक. ऐंशी किलोचा भात ढीग करून ओल्या फडक्याखाली झाकला की वरून निवतो आणि आत नुसता कोमट राहतो. अन्न ६० अंशांच्या खाली आलं की जंतू वाढायला लागतात. ४४ डिग्रीच्या दिवसात दोन-अडीच तासांत ढिगाच्या मधल्या भागाला आंबूस वास येतो, दाणा चिकट लागतो. म्हणून भात तीन घाण्यांत: ३०, ३०, २०. पहिला घाणा निघालाच होता. दुसऱ्याचं आधण चुलांगणावर तयार ठेवलं, पण तांदूळ वैरायचा नाही असं सांगितलं. एक पोरगा फोन घेऊन वरातीत सोडला. नवरदेव चावडीवर आला की फोन, फोन आला की तांदूळ. आधणाला उकळी असली तर भाताचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, पस्तीस-चाळीस मिनिटांत उतरतो, आणि चावडीपासून मांडवापर्यंत नाचत यायलाही तेवढेच लागतात.

वरण नुसतं उकळत ठेवलं, फोडणी शेवटी. कणीक दहा-दहा किलोच मळायची. मळून पडलेली कणीक सैल होते, पुरी फुगत नाही आणि तेल पिते. दही बर्फात, मठ्ठा पंगतीला लागेल तेवढाच घुसळायचा. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ वाढायच्या वेळी, नाहीतर नुसतं पाणी सुटतं.

सव्वाबाराला गावची लाइन गेली. मांडवातले आठ कूलर, शाळेतले पंखे, वर घरोघरचे पाहुणे, एवढा लोड गावच्या डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, झेपणारा नव्हताच. जनरेटर लावला, तेवढ्या लोडवर तो तासाला चार लिटर डिझेल खातो. मांडवाच्या कनाती सहा फुटांपर्यंत वर गुंडाळून घेतल्या. हवा खेळते हा एक फायदा, आणि वावधन, म्हणजे वादळ, आलं तर मोकळ्या मांडवातून वारा निघून जातो. चारी बाजूंनी बांधलेल्या कनाती वारा धरतात आणि खांबासकट सगळं उचलून नेतात.

खरी अडचण माणसांची होती. साडेबाराला मांडवात सातशेच्या वर लोकं, त्यात म्हातारे, कडेवरची लेकरं आणि शुगरच्या गोळ्या घेणारे. मी नवरीच्या मामांना म्हटलं, यांना आधी वाढून घेऊ. मामा ऐकेनात. “अक्षदा पडल्याबिगर पंगत बसवली त लोकं काय म्हनतीन, भाऊ?” त्यांचंही चुकत नव्हतं, गावात ती गोष्ट वर्षभर निघाली असती. मग मांडवात काही वाढायचं नाही असं ठरलं. घरामागच्या गोठ्याजवळ, निंबाच्या सावलीत सतरंज्या टाकल्या, फक्त पुरी-भाजी ठेवली, आणि मामांनी स्वतःच फिरून म्हाताऱ्यांना सांगितलं, “चाला, नाश्ता करून घ्या.” अशी १८० पानं उठली. पंगत नव्हती, त्यामुळे कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

अक्षता पडल्या २ वाजून ५ मिनिटांनी. गुरुजींनी मंगलाष्टकं आटोपशीर म्हटली, तेवढा समजूतदारपणा त्या दिवशी त्यांनीच दाखवला.

उशिरा बसलेली पंगत खाते कमी आणि पिते जास्त. बुंदी दुसऱ्यांदा घ्यायला कोणी तयार नव्हतं, मठ्ठा मात्र तीन-तीन ग्लास. तिसऱ्या पंगतीआधीच दही संपलं, दारव्ह्याहून आणखी वीस किलो मागवावं लागलं. भाताचा शेवटचा वीस किलोचा घाणा टाकावाच लागला नाही. शिजवून ठेवला असता तर उकिरड्यावर गेला असता. एकूण पानं किती झाली ते पत्रावळीच्या उरलेल्या गठ्ठ्यांवरून काढतात, तोच आकडा खरा. उठली होती १०६० पानं.

रात्री काकांसोबत खोळंब्याचा हिशेब मांडला. जार ७० ऐवजी ११८ लागले, तीस रुपयांप्रमाणे १४४०. बर्फाच्या जास्तीच्या चार लाद्या, १४००. तीन तासांचं डिझेल बारा लिटर, ११०० धरा. वाढणारी वीस पोरं तीन वाजेपर्यंत सांगितली होती, पुढच्या वेळेचे प्रत्येकी १५०, म्हणजे ३०००. दही १४००. ताटकळलेल्या लोकांना दिलेलं लिंबू सरबत ९००. आणि निरोप समारंभ चारचा सातवर गेल्यामुळे वऱ्हाडातल्या दीडशे माणसांना संध्याकाळी खिचडी-कढी घालावी लागली, पानाला ३५ रुपये, ५२५०. सगळे मिळून १४ हजार ४९०.

यातला एक रुपयाही महागाईचा नाही, सगळा नाचण्याचा आहे. आमच्या भागात डीजे नवरदेवाकडचे लावतात आणि जेवण नवरीकडचे घालतात. ज्याच्या हातात वेळ असतो त्याच्या खिशाला खोळंब्याची झळ लागत नाही, म्हणून वरात कोणी पुढे रेटत नाही. मुलीच्या बापाने मध्ये बोलायचं नाही हा रिवाज वर आहेच. याला उपाय एकच, कुंकवाच्या कार्यक्रमात बोलणी चालू असतानाच विषय काढायचा: वरात मारुतीपासून किती वाजता हलणार, मुहूर्त टळला तर पुढच्या पाण्याचे, बर्फाचे आणि पोरांचे पैसे कोणाचे. तेव्हा दोन्हीकडचे हसतमुख असतात, लिहून देतात. हळदीच्या दिवशी काढलात तर भांडण होतं. डीजेवाल्याला ठरवतानाही तासांवर नाही, ठिकाणावर ठरवावं: देवळापासून मांडवापर्यंत अमुक रक्कम, मग कितीही वेळ लागो. तासावर पैसे मिळणारा गाडी कशाला पुढे घेईल?

काकांचे खोळंब्याचे दहा हजार गेलेच, वर साडेचार हजार कमी पडले. तेलाचा एक सीलबंद डबा, तांदळाचं न फोडलेलं वीस किलोचं कट्टं आणि बेसनाची दोन पाकिटं दुकानदाराने परत घेतली, त्यात बराचसा भाग निघाला. लग्नानंतरच्या पाचपरतावनाला नवरदेवाचे काका आले तेव्हा आमच्या काकांनी, चहा झाल्यावर, हळूच वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण पान वाचलं आणि खिशातून ५२५० मोजून दिले.

“खिचडी आमच्या मानसाईनं खाल्ली, तिचे घ्या,” ते म्हणाले. “बर्फाचं आमाले नका सांगू, तुमच्या गावात ऊनच लय हाये.”