बाबांचं दार पूर्ण उघडलं पाहिजे

गॅरेज बांधायचं ठरलं ते गाडीपेक्षा शेजारच्या नारळामुळे. २०२३ च्या पावसाळ्यात एक झावळी थेट बॉनेटवर आली. बॉनेटचा डेंट काढायला जे पैसे गेले त्यात पत्र्याचं निम्मं छप्पर झालं असतं, असं बाबा सगळ्यांना सांगत सुटले. निम्मं वगैरे काही झालं नसतं. पण गॅरेजला किती लागतात हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना खोडून काढणार कोण?

आमचं घर सांगलीत, जुनं, बैठं. घराच्या उजव्या अंगाला कंपाउंडपर्यंत सतरा फूट मोकळी जागा. मला वाटलं, सतरा फूट म्हणजे मैदानच! इंजिनिअरकडे गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मंजूर नकाशा आहे का?" तो आईच्या साड्यांच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली सापडला. कंपाउंडपासून पाच फूट मोकळे सोडायचेच, तिथं छप्पर नाही. उरले बारा. मुंबई आणि आणखी काही भाग सोडले तर २०२० पासून राज्यात बांधकामाची एकच नियमावली आहे, त्यामुळे "आमच्याकडे चालतं हो" या वाक्यावर विसंबू नका, असं त्यांनी बजावलं. सुधारित नकाशा, त्यांची फी, भरणा असे मिळून बारा हजार गेले. ते देताना मला जड वाटलं, बाबांना नाही.

नियमात एका गाडीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. अडीच मीटर म्हणजे सव्वाआठ फूट. आमची स्विफ्ट पावणेसहा फूट रुंद आणि साडेबारा फूट लांब, म्हणजे कागदावर आरामात बसते. मी वहीत नऊ बाय अठरा लिहून मोकळा झालो होतो. आईनं ते वाचलं, आत जाऊन रांगोळीचा डबा आणला आणि अंगणात नऊ बाय अठराचा चौकोन काढला. "आता लाव गाडी. आणि तुझ्या बाबांना उतरव."

बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची कुरकुर आहे. ते उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर टाकतात, मग दाराला धरून उठतात. त्यासाठी दार पूर्ण उघडावं लागतं. रांगोळीची रेघ म्हणजे भिंत समजा, असं सांगून त्यांना उतरवलं तर पहिल्याच खेपेला दारानं रेघ ओलांडली. मग दाराच्या बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला पावणेदोन, शिवाय खांबांची जाडी असं करत आम्ही अकरावर आलो. लांबी वीस, कारण मागे आईची स्कूटी आणि तिचे वाळवणाचे डबे. हे वाळवण प्रकरण पुढे येईलच.

उंचीवरून मात्र बाबांशी चांगलीच जुंपली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २०२१ ला पुन्हा ५० च्या पुढे. दोन्ही वेळा पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरलं. त्यामुळे गॅरेजची फरशीसुद्धा घराच्या जोत्याइतकी, म्हणजे अडीच फूट उचलायची, असा त्यांचा हट्ट. मी हिशोब मांडला. उताराला एकास आठचं प्रमाण धरलं तर अडीच फूट चढायला वीस फूट लांबीचा रॅम्प हवा, आणि गेटपासून शटरपर्यंत जागा दहा फूट. जास्त खडा चढ केला तर गाडीचं पोट घासणार. शेवटी एक फूट उचलायचं ठरलं. तसंही सांगलीत ४० फुटांचा इशारा झाला की आमची गाडी मिरजेला मामाकडे जाते, ती काही पुरात गॅरेजमध्ये बसून राहणार नाही. स्विचबोर्ड तेवढे पाच फुटांवर घेतले.

मग दर काढायला सुरुवात केली. आमच्याकडे फॅब्रिकेशनवाल्याला शेडचा भाव विचारा, उत्तर चौरस फुटातच येतं. पहिला म्हणाला ५५०, शटरसकट. २२० चौरस फुटांचे १,२१,००० झाले. मी घरी येऊन "सव्वा लाखात काम" असं जाहीर केलं. दुसरा ४३० म्हणाला. तो मला जास्त प्रामाणिक वाटला, कारण स्वस्त माणूस प्रामाणिक वाटतोच. त्याच्या पत्रकात "दोन इंची चौकोनी पाइप, २ एमएम" असं लिहिलं होतं. ऑफिसातल्या एका मित्रानं सांगितलं, लिहिलेलं वाचू नकोस, पाइप काट्यावर ठेव. दोन इंची, दोन मिलिमीटर जाडीचा सहा मीटरचा नग साधारण १८ किलो भरतो. त्याच्या दुकानातला भरला १४ किलो ६००. म्हणजे जाडी दीडच्या थोडी वर. मी विचारलं तर शांतपणे म्हणाला, "साहेब, मार्केटला दोन म्हणजे हेच."

तिसऱ्याकडे मी चौरस फूट हा शब्दच काढला नाही. डिझाइन इंजिनिअरकडून घेतलं, लोखंड किलोवर, पत्रा वेगळा, शटर वेगळं. लोखंड ४१० किलो, कापणी-वेल्डिंग-प्रायमर-रंगासह ११२ रुपये किलोनं ४५,९२०. रंगीत पत्रा छपराला आणि एका बाजूला मिळून ४०० चौरस फूट, ५२ नं २०,८००. शटर नऊ बाय आठ, २९० नं २०,८८०. एकूण ८७,६००. म्हणजे पहिल्याच्या ५५० च्या जागी ३९८ पडले, तेही पूर्ण जाडीच्या पाइपात. हे २०२४ च्या सुरुवातीचे, आमच्या गावातले भाव. आज कुणी हेच आकडे घेऊन दुकानात गेला तर हसू होईल.

खूश होऊन मी वहीत बेरीज करायला बसलो आणि लक्षात आलं, हे सगळं हवेत उभं आहे. पाया, फरशी, रॅम्प, मागची आणि बाजूची भिंत, वीज, पन्हाळ यातलं काहीच चौरस फुटाच्या भावात नव्हतं. ते धरून अंदाज गेला १,८८,०००. वर दहा टक्के हाताशी ठेवायचे म्हणून २,०६,८०० ची तजवीज केली. एक ठेव मुदतीआधी मोडली.

फेब्रुवारीच्या शेवटी खड्डे मारायला घेतले. सहा खड्डे, अंदाज अडीच फुटांचा. अडीच फुटांवर काळी माती, तीनवर काळी, साडेतीनवरही काळीच. मी मिस्त्रींना म्हटलं, एवढी हलकी शेड, थांबूया इथंच. ते खड्ड्यातूनच म्हणाले, "ही काळी हाय सायेब. पावसाळ्यात फुगती, उन्हाळ्यात भेगाळती. शेड हलकी म्हणून तर लवकर उचलंल." मला ते उलटं वाटलं होतं, भार जास्त तर धोका जास्त, एवढंच डोक्यात होतं. साडेचार फुटांवर पिवळट मुरूम लागला. तिथं पाया बसला आणि चौदा हजार जास्तीचे गेले. निघालेली माती उचलायला तीन हजार. काळी माती फुकट नेतील लोक, अशी माझी समजूत होती. कुंडीपुरती नेली.

दुसरा धक्का चेंबरचा. ड्रेनेजचं चेंबर बरोबर डाव्या चाकाच्या वाटेवर निघालं. त्याचं झाकण माणसाच्या वजनाचं, गाडीच्या नाही. चेंबर सरकवलं, जड झाकण बसवलं, ७,४००. नारळ उतरवून छाटण्याचे २,३००, त्यातले निम्मे शेजाऱ्यांनी द्यायचे ठरले होते. वायर थोडी जाड ओढली, पुढे कधी विजेवरची गाडी आली तर म्हणून. त्याचे २,१०० वाढले.

पन्हाळीवर खर्च करायला मी तयार नव्हतो. मग गणित केलं. छप्पर पुढे काढलेल्या भागासह २९० चौरस फूट. एका दणकून सरीत २५ मिलिमीटर पाऊस पडला तर पावणेसातशे लिटर पाणी एकाच रेषेत, नव्या पायाच्या काळ्या मातीत. त्याच संध्याकाळी ५,२०० ची पन्हाळ आणि पाइप मान्य केले. पाणी पाच फुटांच्या मोकळ्या पट्टीतून मागच्या टाकीत जातं.

फरशीच्या वेळी मात्र मी शहाणपणानं वागलो. आधी रबल सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, वर पाच इंच काँक्रीट, आणि ओतायच्या दिवशी रजा. त्या दिवशी मी एवढंच केलं की मालात वरून पाणी ओतू दिलं नाही. मजुरांना पातळ माल पसरायला सोपा, त्यामुळे बादली सारखी उचलली जायची आणि मी सारखा आडवा जायचो. दुपारी चहा-भजी आणल्यावर वातावरण निवळलं. नंतर दहा दिवस पोत्यांवर पाणी, ते बाबांनी मारलं, सकाळ-संध्याकाळ, बनियनवर. गाडी मात्र तीन आठवडे आत घेतली नाही.

शेवटची बेरीज २,१६,८००. चौरस फुटाला ९८५. वाढीव दहा टक्केही दहा हजारांनी ओलांडले होते, आणि ठेव संपली होती. शटरवाला तर त्याच दिवशी उरलेले मागत दारात उभा. आईनं आतून भिशीचे दहा हजार आणून माझ्या हातात ठेवले. काही बोलली नाही. ती बोलली नाही तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मे महिन्यात गुळगुळीत, सावलीची, वारा खेळणारी, मांजर न शिरणारी अशी २२० चौरस फूट जागा घरात दुसरी नव्हती. ती आईनं घेतली. आधी दोन उन्हं दाखवलेल्या कुरडया जुन्या चादरीवर, मग सांडगे, मग मावशीच्या घरचे पापड. मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा मी ऑफिसातून फोन केला, गाडी आत घेतली का? बाबा म्हणाले, "कुठं घेऊ? आईच्या मिरच्या पसरल्यात."

गाडी बाहेर, छाटलेल्या नारळाखाली भिजत होती. संध्याकाळी मिरच्या गोळा झाल्यावर बाबांनी ती स्वतः आत घेतली, दार पूर्ण उघडलं, दोन्ही पाय बाहेर टाकले, आणि उठताना म्हणाले, "अजून अर्धा फूट हवा होता."