देठ आजच का कापत नाही?

"नाक तर बसलं, मग भुवईपासून लोंबणारी ही सोंड कशाला ठेवलीत?" कॅन्सरसाठी नाकाचा शेंडा काढावा लागलेल्या रुग्णाचे नातेवाईक पहिल्या ड्रेसिंगलाच हे विचारतात. नवे रेसिडेंटही विचारतात, दबक्या आवाजात. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

नवं नाक कपाळाच्या कातड्याचं करतो. त्या कातड्याला फ्लॅप म्हणतात, आणि त्याला भुवईशी जोडून ठेवणाऱ्या सोंडेला आम्ही देठ म्हणतो. त्यातली बारीक धमनी मध्यरेषेपासून साधारण 2 सेंमीवर, भुवईच्या आतल्या टोकाशी वर चढते. नाकावर आणलेलं कपाळाचं कातडं सुरुवातीला तिच्याच जिवावर जगतं. कडांतून आणि खालून नव्या केशिका शिरायला तीन आठवडे जातात. (लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने 1794 साली पुण्याकडची हीच शस्त्रक्रिया छापली, त्यातही देठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायचा. नाकाचं माप मेणावर, कातडं चिकटवायला कात!)

देठ रुंद म्हणजे रक्त जास्त, हा गैरसमज. 1.2 ते 1.5 सेंमी पुरे. त्याहून रुंद देठ वळताना पिळतो आणि रक्त परत नेणारी शीर दबते.

खरी कसोटी फ्लॅपच्या जाडीची. फ्लॅपच्या टोकाकडच्या दीड सेंमीत धमनी कातडीलगत असते, म्हणून तिथला स्नायू काढून चरबीचा पातळ थर ठेवता येतो. मधल्या भागात स्नायू सोबत घ्यायचा. भुवईजवळ धमनी खोल, तिथे हाडालगत जायचं. रुग्ण तंबाखू ओढणारा असेल तर पहिल्याच वेळी पातळ करायचा मोह नको. जाडच बसवा, तीन आठवड्यांनी उचलून आतून तासा, देठ सहाव्या आठवड्यात कापा. एक ऑपरेशन वाढतं, पण टोक काळं पडण्यापेक्षा ते बरं.

फ्लॅप केवढा कापायचा त्याचं माप टाक्यांच्या पाकिटातल्या फॉइलवर घ्या, तेही चांगल्या नाकपुडीचं, आणि मग उलटवा. जखमेचं माप सुजेमुळे आणि ओढीमुळे फसवतं.

वॉर्डात फ्लॅपचा रंग पाहा. जांभळा, टोचल्यावर भराभर काळपट रक्त: शीर अडलीय. घट्ट टाके सोडा, देठावरची पट्टी सैल करा, चष्मा घातलाय का बघा. पांढरा, टोचूनही रक्त नाही: धमनी अडलीय. वाट बघू नका.

कपाळाची जखम वर केसांकडे मिटत नसेल, तर ओढून शिवू नका. हाडावरचं आवरण शाबूत ठेवून व्हॅसलीन गॉज लावा, ते कोरडं पडू देऊ नका. महिना-दीड महिन्यात भरते, आणि कातडीच्या ठिगळापेक्षा चांगली दिसते.